चार दहा ते पाच

गावाचं नाव बिलिंग्ज, आणि मी बिलिंगमध्ये कामाला.
हा विनोद मला आठवड्यातून दोनदा ऐकावा लागतो.
आर्डिस वेलिंगनं तो केला नाही.
वायोमिंगच्या हद्दीतून, बीटच्या शेतांमधल्या कुठल्याशा घरातून
तिचा आवाज आला. मागे ड्रायर फिरत होता,
आत कसलंसं बटण पत्र्यावर आपटत होतं,
टक, टक.

कपडे कोणाचे, मी विचारलं नाही.

तपशीलवार बिल मागितलं की आम्हाला पाठवावं लागतं.
बहुतेक माणसं मागत नाहीत,
शेवटचा आकडा पाहूनच डोळे मिटतात.
तिनं मागितलं. अकरा पानं.
म्हणाली, घेवडा निवडते तशी निवडलीत,
खडे बाजूला काढलेत.

मी आधी माझे पाठ म्हणून घेतले.
हेलिकॉप्टरचे एकावन्न हजार दिसताहेत, बाई, घाबरू नका,
आकाशातून नेलं तर कायदा तुमच्या बाजूचा आहे,
विम्यानं ठरवलेल्या तुमच्या वाट्यावर
एक सेंटही चढवता येत नाही त्यांना.
"आणि घरापासून हेलिकॉप्टरपर्यंतची गाडी?
चौदा मैल."
ती मात्र द्यावी लागेल.
रस्ता त्या कायद्यात नाही.

ड्रायर थांबला.
"म्हणजे लव्हर्लनं अंगणातूनच उडायला हवं होतं."
मी हसू आवरलं. संभाषण ध्वनिमुद्रित होत असतं.

मग अर्जाचं सांगितलं. ना-नफा रुग्णालय आहोत,
ऐपत नसेल त्याच्यासाठी सवलतीचे नियम ठेवायला बांधील आहोत,
पहिल्या बिलापासून दोनशेचाळीस दिवस अर्ज घेतो,
एकशेवीस दिवस तर कोर्टाचं नावही काढता येत नाही.
तिनं सगळं लिहून घेतलं. पेन्सिल ऐकू येत होती.
"बीटसुद्धा याच्या आत तयार होतो," एवढंच म्हणाली.

"आता माझा खडा. पान नऊ.
ऑक्सिजन, चार ते पाच.
तो चार दहाला गेला.
डॉक्टरनं घड्याळ बघून सांगितलं, मीही बघितलं.
मग चार दहा ते पाच
श्वास कोणी घेतला?"

उत्तर मला पाठ होतं. तास पूर्ण धरतात,
एक मिनिट झालं तरी तास.
तोंडापर्यंत आलं होतं,
आणि लक्षात आलं, ती पैशांचं विचारत नाहीये.
तिला चार दहाला बाहेर बसवलं होतं.
इतके आठवडे तिला वाटत होतं
की आत तो अजून पन्नास मिनिटं

मी नर्सची नोंद उघडली.
चार दहा, ऑक्सिजन बंद.
बाई, म्हटलं, मशीन बंदच झालं होतं.
चालू राहिला तो आमचा हिशोब.

हे वाक्य आमच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही.

बराच वेळ काही नाही.
मग ड्रायरचं दार उघडल्याचा आवाज.

डेलफिनची सही घेऊन मी दुरुस्ती केली.
आमच्याकडे खोडता येत नाही.
चुकलेली ओळ तशीच राहते, तिच्याखाली वजाबाकी लिहितात.
म्हणून लव्हर्ल वेलिंगच्या खात्यावर आता कायमचं आहे:
ऑक्सिजन, एक तास.
ऑक्सिजन, उणे पन्नास मिनिटं.

दहा मिनिटांचे पैसे तेवढे लागले.
सवलतीच्या अर्जात घालू का, विचारलं, तर नको म्हणाली.
चेक आला. सोबत पत्र नाही.
खालच्या रेघेवर, जिथे कशाबद्दल ते लिहायचं असतं, तिथे पेन्सिलीनं:
हे त्याचे.

गाडीचं बिल अजून असेलच, चौदा मैलांचं.
ते आमच्याकडे येत नाही.
माझ्या पडद्यावर दिसत नाही.